तपासले : वि. शे.

ज्याच्याबद्दल लिहायचं त्या माणसाची आधी परवानगी घ्यावी म्हणतात. शेवडे काकांची परवानगी घ्यायची एक संधी मला मिळाली होती. तेव्हा मी हातात बशी धरून बटाटेवडा खात उभा होतो, आणि तोंडात घास आहे एवढं निमित्त मला पुरलं. आता काका नाहीत, काकूही नाहीत. दोघं असती तर मी हे लिहिलं नसतं. म्हणजे इथेही मी सोय बघूनच बोलतो आहे, हे वाचणाऱ्याने सुरुवातीलाच लक्षात घ्यावं.

काकांचं पूर्ण नाव विश्वनाथ शेवडे. करोलबागेत साड्यांच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. इमारत उभी राहावी म्हणून कुठे किती जाडीची तुळई, कुठल्या भिंतीत किती लोखंड, हे ठरवून कागदावर उतरवायचं, हा आमचा धंदा. मालक मल्होत्रा साहेब, त्यांच्या हाताखाली आम्ही सात जण, आणि या सातांनी काढलेलं प्रत्येक ड्रॉइंग बाहेर जाण्याआधी ज्यांच्या टेबलावरून जायचं ते शेवडे काका. नव्वदीची मधली वर्षं होती. परदेशी कंपन्यांना दारं उघडली होती. गुडगावला तेव्हा गुडगावच म्हणत, आणि तिथल्या मोहरीच्या शेतांतून दर आठवड्याला नव्या कॉलनीची पाटी उगवत होती. मी मिरजेहून इंजिनिअर होऊन नुकताच आलेला. हे सगळं माझीच वाट बघत थांबलं होतं, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

पहिल्या दिवशी मी त्यांना ‘सर’ म्हटलं. ते म्हणाले, “सर नको रे. इथे चपराशी सोडून सगळे सरच आहेत. काका म्हण, बिल्कुल चालेल.”

काका जन्माने दिल्लीकर. वडील रेल्वेत होते, त्यामुळे घर पहाडगंजात, शिक्षण तिथल्या मराठी शाळेत, आणि रोजचं ऑफिसला येणं-जाणं पायी. अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि खिशात एक लाल पेन्सिल. ही पेन्सिल ते ब्लेडने तासायचे आणि तिचं टोक मोडलं तर ज्याच्या ड्रॉइंगवर मोडलं त्याला दोषी धरायचे. मराठी अगदी पुणेरी वळणाची, पण मध्येच ‘अच्छा’ आणि ‘यार’ अशी बसवलेली की काढली तर वाक्य ढिलं पडेल. हिंदी मात्र थेट मराठीतून उचललेली. “दीवार को धक्का आता है,” असं ते पंजाबी ठेकेदारांना सांगायचे आणि ठेकेदार बिचारे दीवारीकडे बघायचे.

त्यांची सगळ्यात मोठी खोड म्हणजे भिंतीला हात लावणं. कुणाच्याही घरी गेले, की चपला काढायच्या, आणि ‘या, बसा’ होण्याआधी जवळच्या भिंतीवर तळहात टेकवून एक हलका रेटा द्यायचा. लग्नाच्या हॉलमध्ये, बँकेत, अगदी दाताच्या डॉक्टरकडेसुद्धा. मी पटेलनगरला एका सरदारजींच्या गच्चीवरच्या खोलीत राहायचो. काका-काकू एका रविवारी पुरणपोळ्या घेऊन आले. काकांनी आल्या आल्या गच्चीच्या कठड्याला रेटा दिला. कठडा हलला. काकांनी पुरणपोळीचा डबा तसाच माझ्या हातात दिला आणि खाली जाऊन मालकांना घेऊन आले.

सरदारजी म्हणाले, “पंद्रह साल से खड़ी है जी!”

“खड़ी तो है,” काका म्हणाले, “पकड़ी हुई नहीं है।”

तासभर वाद झाला. पोळ्या गार झाल्या. पण पुढच्या आठवड्यात गवंडी आला आणि कठडा पक्का झाला. जाताना काकू मला हळूच म्हणाल्या, “आमच्या लग्नातसुद्धा मांडवाच्या खांबाला हात लावून आले होते हे. माझे वडील घाबरले, म्हणाले मुलगा काय बघतोय?” हे सांगताना त्यांचा चेहरा असा फुलला होता की खांब पास झाला होता, हे सांगायची गरजच नव्हती.

काकूंना नवऱ्याच्या तपासणीचा फार अभिमान. गल्लीतल्या लग्नपत्रिका छापायला जाण्याआधी काकांकडे यायच्या. महाराष्ट्रातून मोठ्या परीक्षांच्या तयारीला आलेली पोरं आपापले फॉर्म घेऊन त्यांच्या जिन्यात रांग लावायची. कोण बीडचा, कोण नंदुरबारचा, कुणाचं आडनाव देशपांडे, कुणाचं शेख. काका चष्मा लावून फॉर्मची प्रत्येक ओळ लाल पेन्सिलीने टिपत जायचे आणि काकू पोरांना पोहे देत म्हणायच्या, “ह्यांच्या हाताखालून गेलं ना, की निर्धास्त झोपायचं.” पोरं खरंच निर्धास्त व्हायची.

माझं पहिलं मोठं ड्रॉइंग त्यांच्यापुढे सरकवलं ते एका गोदामाचं. विटांच्या भिंती, त्यावर आडव्या लोखंडी जाळीच्या तुळया, तुळयांवर पत्र्याचं छप्पर. मी वजनाची गणितं चोख केली होती. काकांनी पाच मिनिटं कागद बघितला आणि विचारलं, “वारा आला तर?”

“छप्पर जड आहे, उडणार नाही,” मी म्हणालो.

“उडायचं सोड. या टोकाच्या भिंतीवर वारा आदळला. भिंतीने तो धक्का वर छपराला दिला. आता छपराने तो कुणाला द्यायचा?”

काकांनी कपाटावरून बुटांचं एक खोकं काढलं. झाकण बाजूला केलं, खोक्यावर पाच-सहा पेन्सिली आडव्या ठेवल्या आणि त्यांच्यावर झाकण ठेवलं. “हे तुझं छप्पर. पेन्सिली म्हणजे तुळया. आता दे धक्का.” मी बोटाने झाकण ढकललं. पेन्सिली गडगडल्या आणि झाकण घसरून टेबलाखाली गेलं. काकांनी ते उचललं. पुन्हा पेन्सिली मांडल्या, आणि या वेळी दोन-दोन पेन्सिलींच्या मधल्या फटीत खोडरबराचे तुकडे कापून बसवले, भिंतीलाही चिकटतील आणि झाकणालाही, असे. “आता दे.” मी दिला. झाकण जागचं हललं नाही, सगळं खोकंच टेबलावर सरकलं.

“वजन सगळं पेन्सिलीच घेतायत,” काका म्हणाले. “खोडरबरावर काडीचं वजन नाही. पण धक्का छपरातून भिंतीत उतरतो तो खोडरबरातून. वजनाला खालचा रस्ता आपोआप सापडतो रे. धक्क्याला वाट आपण करून द्यावी लागते.”

खऱ्या इमारतीत तुळईच्या टोकाला चार बोटं उंचीचा पाय असतो. त्यामुळे छप्पर भिंतीच्या डोक्यापासून चार बोटं अधांतरी राहतं. दोन पायांच्या मधल्या त्या फटीत लोखंडी तुकडे बसवायचे, खाली भिंतीवरच्या काँक्रीटच्या पट्ट्याला आणि वर पत्र्याला पक्के जोडायचे. एवढंच. ते तुकडे छताआड झाकले जातात, पुन्हा कुणाला दिसत नाहीत. काकांचा जीव त्या न दिसणाऱ्या तुकड्यांत होता.

प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात एक चौकट असते. काढणाऱ्याचं नाव, तपासणाऱ्याचं नाव. सगळं इंग्रजीत. त्यात काका देवनागरीत लिहायचे, ‘वि. शे.’ मल्होत्रा साहेब एकदा वैतागून म्हणाले, “शेवड़े जी, क्लाइंट पूछता है ये क्या लिखा है।”

“कहिए, मराठी में ज़िम्मेदारी लिखी है,” काका म्हणाले. साहेब हसले आणि तो विषय कायमचा मिटला.

ही नुसती बोलायची गोष्ट नव्हती. आमच्या गुरमीतने एका जिन्याची एक पायरी कमी दाखवली होती, आणि ते बांधकाम अर्धं झाल्यावर कळलं. साहेबांनी गुरमीतला केबिनमध्ये बोलावलं, तर त्याच्या आधी काकाच आत जाऊन उभे राहिले. बाहेरपर्यंत आवाज येत होता. बाहेर आल्यावर गुरमीत रडवेला होऊन म्हणाला, “ग़लती तो मेरी थी, अंकल।”

“तपासायला आली तेव्हा तुझी होती. सही केल्यावर माझी झाली,” असं ते त्याला मराठीतच म्हणाले. त्याला ते किती कळलं कोण जाणे, पण त्या दिवसापासून तो काकांचा डबा गरम करून आणायला लागला.

आणखी दोन सवयी सांगायला हव्यात, कारण पुढे त्यांच्याशीच माझी गाठ आहे. तेव्हा ड्रॉइंग ट्रेसिंग पेपरवर शाईने काढायचं आणि त्याच्या प्रिंटा काढून साइटवर पाठवायच्या. शाईची चूक खोडायची तर अर्ध्या ब्लेडने कागद अलगद खरवडावा लागे. कितीही सफाईने खरवडलं तरी तिथे कागद जरा खरखरीत होतो. काका डोळे मिटून ट्रेसिंगवर बोट फिरवायचे आणि नेमके थांबून विचारायचे, “अच्छा, इथे आधी काय होतं?” दुसरी सवय म्हणजे तपासताना प्रिंटवर एकेका वस्तूला लाल टिकमार्क करायचा आणि ती प्रिंट गुंडाळून आपल्या लोखंडी कपाटात ठेवून द्यायची. तीस वर्षांच्या गुंडाळ्या होत्या तिथे. कुणी कधी एकही मागितली नव्हती.

गुडगावच्या एका नव्या कॉलनीच्या क्लबचं काम माझ्याकडे आलं. मोठा हॉल, विटांच्या भिंती, वर त्याच जाळीच्या तुळया आणि पत्रा. दोन लांब भिंतींवर मिळून बावन्न तुकडे. मी स्वतः काढले होते, काकांनी एकेक टिपून सही केली होती. एकदा आम्ही दोघं साइटवरही जाऊन आलो. ठेकेदार भाटिया म्हणून होता, गोड बोलणारा. सगळीकडे नुसतं मोकळं रान होतं. तो म्हणाला, “शेवड़े जी, धक्का देगा कौन? यहाँ तो चिड़िया भी नहीं है।”

“चिड़िया नहीं है इसी लिए हवा को रोकने वाला भी कोई नहीं,” काका म्हणाले, आणि रानाकडे बघत राहिले.

एप्रिलच्या शेवटी काका भाचीच्या लग्नाला चार दिवस ग्वाल्हेरला गेले. दुसऱ्याच दिवशी भाटिया आणि क्लबवाल्यांचा इंजिनिअर त्यागी ऑफिसात आले. तुकड्यांना लागणाऱ्या मापाचं लोखंड बाजारात नव्हतं, यायला दहा-बारा दिवस लागणार होते. उद्घाटनाला मंत्री यायचे होते, पत्रिका वाटून झाल्या होत्या. मल्होत्रा साहेब घाईत होते. जिना उतरता उतरता म्हणाले, “मिलिंद, तुम देख लो।”

हे तीन शब्द मला त्याआधी कुणी म्हटले नव्हते. मी एकदम मोठा झालो.

“उन टुकड़ों पे वज़न तो कुछ आता नहीं, सर,” भाटिया म्हणाला. तोही मला सर म्हणाला. “रहने देते हैं।”

त्यागी म्हणाला, “ड्रॉइंग में हैं तो मैं कैसे छोड़ दूँ? ड्रॉइंग से हटा दो, फिर मुझे कोई दिक़्क़त नहीं।”

आपल्याकडे वस्तूपेक्षा कागदाची भीती जास्त. कागदावर नसलेली वस्तू न लावल्याबद्दल कुणालाच कुणी धरत नाही. मी सांगू शकत होतो की सोमवारी शेवडे काका येतील, त्यांना विचारू. पण मग ‘तुम देख लो’ला काय अर्थ राहिला असता?

जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली छोले-कुलचे खायला गेले तेव्हा मी ट्रेसिंग काढलं आणि अर्ध्या ब्लेडने बावन्न तुकडे खरवडले. नियमाप्रमाणे ड्रॉइंगवर नवा क्रमांक टाकून तपासणीची चौकट कोरी ठेवायला हवी होती. कोरी चौकट दिसली असती तर त्यागीने प्रिंट घेतली नसती. म्हणून मी क्रमांक तोच ठेवला. ‘वि. शे.’ जिथे होतं तिथेच राहिलं, शेवटच्या तुकड्यापासून वीतभर अंतरावर. मी फुंकर मारून शाईची पूड उडवली. मला या गोष्टीचं गांभीर्य कळत नव्हतं, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. झाकण टेबलाखाली घसरताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

काका सोमवारी आले ते लग्नाचे बुंदीचे लाडू घेऊन. माझ्या टेबलावर दोन ठेवले आणि विचारलं, “क्लबचे तुकडे लागले का रे?”

“हो.”

“सगळे?”

“सगळे,” मी म्हणालो. ते खूश झाले आणि त्यांनी तिसरा लाडू ठेवला. तो मी खाल्ला.

छताखाली पांढरं फॉल्स सीलिंग लागलं, झुंबर लागलं, उद्घाटन झालं. मे महिन्यात दिल्लीकडे जशा येतात तशी एका दुपारी आंधी आली. आकाश पिवळं झालं, मग तपकिरी, आणि करोलबागेत दुकानांच्या पाट्या उडाल्या. गुडगावच्या उघड्या रानात ती काय असेल याचा अंदाज मला होता, कारण मी खिडकीशी उभा राहून भाटियाची चिमणी आठवत होतो. तासाभराने फोन आला. वारा क्लबच्या पश्चिम टोकाच्या भिंतीवर आदळला होता. छप्पर त्या धक्क्याने लांबीत सरकलं, तुळयांचे पाय एका अंगाला कलले, आणि वरचा आधार सुटलेल्या पूर्व टोकाच्या भिंतीचा अर्धा भाग बाहेर कोसळला. तिथे चौकीदाराची खाट होती. तो पाणी भरायला गेला होता म्हणून नुसती खाट मोडली.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये सगळे जमले. क्लबचे दोन लोक, त्यागी, भाटिया, साहेब, काका आणि मी. त्यागीने प्रिंट पसरली. “टुकड़े ड्रॉइंग में हैं ही नहीं।” त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. भाटियाने पण नाही. बोलले असते तर तेही अडकले असते.

“ऐसा हो नहीं सकता,” काका शांतपणे म्हणाले. “मैंने देखे हैं। ट्रेसिंग मँगवाइए।”

ट्रेसिंग मीच आणून दिलं. काकांनी ते उलगडलं, चष्मा लावला. भिंतीच्या रेघेवर तुकडे नव्हते. त्यांनी भिंतीच्या एका टोकाला बोट ठेवलं आणि हळूहळू पुढे सरकवलं. पहिल्याच जागी बोट थांबलं. मग पुढे, पुन्हा थांबलं. दोन्ही भिंती त्यांनी अशा शेवटपर्यंत नेल्या. खोलीत कुणाला कळलं नाही ते काय करतायत. मला कळलं.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. तपासताना एखादा प्रश्न विचारून उत्तराची वाट बघत बसायचे, तसं. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने एक काच पुसली, मग दुसरी, पुन्हा पहिली. तेवढा वेळ त्यांनी मला दिला. एवढा वेळ माणसाला एक वाक्य बोलायला पुष्कळ असतो. मी साहेबांच्या टेबलावरच्या काचेच्या पेपरवेटकडे बघत होतो. त्याच्या आत निळं फूल होतं.

काकांनी चष्मा लावला. “साइन मेरी है,” ते म्हणाले.

साहेबांना खरं वाटेना. “शेवड़े जी, तीस साल में...”

“मुझसे रह गया, सर।”

गुरमीतच्या वेळी चूक त्यांच्या हाताखालून गेली होती. माझ्या वेळी ती त्यांच्या हाताखाली आलीच नव्हती. एक कपाट उघडलं असतं तर लाल टिकमार्कांची प्रिंट हाताला लागली असती. ते कपाटाकडे गेले नाहीत. का गेले नाहीत, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारायचं म्हणजे आधी कबूल करावं लागलं असतं.

साहेबांनी त्यांना आता आराम करा असं सांगितलं. निरोपसमारंभ वगैरे झाला नाही, कारण काय बोलायचं हेच कुणाला कळत नव्हतं. गुरमीतने शेवटच्या दिवशीही डबा गरम करून आणला. संध्याकाळी काकांनी कपाट आवरलं, किल्ली साहेबांना दिली आणि जाता जाता एक गुंडाळी माझ्या टेबलावर ठेवली.

“ही माझ्या कपाटात नको. तुझ्याकडे असू दे,” ते म्हणाले, आणि जिना उतरून गेले.

गुंडाळीत काय आहे हे उघडायच्या आधीच माहीत होतं. बावन्न लाल टिकमार्क, आणि कोपऱ्यात ‘वि. शे.’. ती घेऊन मी केव्हाही साहेबांच्या केबिनचं दार ढकलू शकत होतो. दार सहा पावलांवर होतं. ती गुंडाळी मी घरी नेली. पुढे पटेलनगरहून लाजपतनगरला नेली, तिथून गुडगावला. गुडगावचं गुरुग्राम झालं, मी अकराव्या मजल्यावर राहायला आलो, आणि ती आता माळ्यावर, दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या खोक्यामागे आहे.

काकांचं टेबल मला मिळालं. तपासणीचं कामही. त्यानंतर माझ्या हातून एकही तुकडा सुटलेला नाही. लोक मला काटेकोर म्हणतात, नवी मुलं घाबरतात. कुणी असं कौतुक करायला लागलं की मी फोन आल्याचं नाटक करून उठतो.

काकांकडे मी गेलो नाही. आधी ‘पुढच्या रविवारी’ म्हणत राहिलो, मग एवढ्या दिवसांनी कुठल्या तोंडाने जायचं म्हणून. तीन वर्षं गेली. एका संक्रांतीला पहाडगंजच्या मराठी शाळेत तिळगुळाचा कार्यक्रम होता. बायको नवीन होती, तिला मराठी माणसं भेटावीत म्हणून गेलो. वर हॉलमध्ये सतरंज्या घातल्या होत्या. तिळगूळ झाला, गाणी झाली, आणि बटाटेवड्याची बशी हातात घेतो तो समोर काकू.

“अगंबाई, मिलिंद! अरे किती दिवसांनी!” त्यांनी माझ्या बायकोची ओटी भरल्यासारखं दोन्ही हात धरून स्वागत केलं. “अहो, बघा कोण आहे.”

काका मागेच होते. अंगात राखाडी स्वेटर, हात स्वेटरच्या खिशात. बारीक झाले होते. “अच्छा, अच्छा,” ते म्हणाले. “कामं जोरात आहेत म्हणे तुमची.” मग माझ्या बायकोला म्हणाले, “फार हुशार आहे हा. लक्ष ठेवा.” आणि हसले. भिंत त्यांच्या खांद्यापासून हातभर अंतरावर होती. त्यांनी हात खिशातून काढला नाही.

मी म्हणालो, “पोरांचे फॉर्म वगैरे चालू आहेत ना, काका?” काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

काकूंनी आवाज खाली आणला. तरी काकांना ऐकू जाईल एवढा तो होताच. “नाही रे. मीच बंद केलं ते. तुला तर माहीतच आहे, ऑफिसात झालं ते. तीस वर्षांत एकच चूक, पण केवढी. कुणाच्या अंगावर पडली असती भिंत तर? तेव्हापासून मला धसकाच बसला. पोरांचं वर्ष असतं त्या फॉर्मवर, ह्यांच्या नजरेतून काही निसटलं तर काय तोंड दाखवायचं? आता घरातलंसुद्धा सगळं मी एकदा बघून घेते. गॅस, कुलूप, औषधाच्या गोळ्या. वय झालं, दुसरं काय. बिचारे काही म्हणत नाहीत.”

काकांनी खरं काय ते घरीसुद्धा सांगितलं नव्हतं.

मी काकांकडे बघितलं. ते स्टेजकडे बघत होते. तिथे दोन मुलं माइकची वायर गुंडाळत होती, आणि काका ते इतक्या लक्षपूर्वक बघत होते, की त्यांना माझ्याकडे वळावं लागू नये. माझ्या तोंडात घास होता. तो गिळायला किती वेळ लागतो? काकू समोर होत्या, बायको शेजारी होती, आणि वाक्य एवढंच होतं, की काकू, ती चूक ह्यांची नव्हती, माझी होती. मी घास चावत राहिलो. मग बायको म्हणाली, “आपण कधीतरी बोलवू या ना यांना घरी,” आणि मी मान हलवली.

थोड्या वेळाने ती दोघं निघाली. मी बशी ठेवायच्या निमित्ताने दारापर्यंत गेलो. काका जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होते. सावकाश, नीट, दोन्ही फुलं सारख्या आकाराची. बांधून झाल्यावर भिंतीचा आधार न घेता ते उठायला लागले.

“थांबा हं,” काकू म्हणाल्या, आणि हातातली पिशवी खाली ठेवून वाकल्या. “बघू, घट्ट बसल्यात का.”

आम्ही त्यांच्या टेबलावर ड्रॉइंग सरकवायचो, तसा काकांनी पाय पुढे केला.